मराठी ग्रंथनिर्मितीची जुनी परिभाषा : कागद, खळ आणि बासन

भिवंडीसारख्या मागांच्या गावात ‘खळ’ हा शब्द उच्चारला, तर मराठी ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम कापड उभे राहते. ताण्याच्या सुतास बळकटी यावी म्हणून त्यास द्यावयाची पिठाची पेज, अथवा नव्या कापडातून पहिल्या धुण्यास निघून जाणारा ताठरपणा, असा त्याचा अर्थ होतो. जुन्या पद्धतीने पुस्तके बांधणारास तोच शब्द पुठ्ठ्यावर कागद चिकटविण्याच्या कणकेच्या लगद्याची आठवण देईल. हातकागद करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ती वाळलेल्या तावावर फिरवावयाची पेज होय. पदार्थ एक, शब्द एक, आणि धंदे तीन. मराठी ग्रंथाच्या घडणीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात या साध्या गोष्टीचा विचार फारसा झालेला नाही. ग्रंथनिर्मितीचे शब्द आपण मुळाकडे पाहून लावीत आलो. संस्कृत कोणते, फारसी-अरबी कोणते, इंग्रजी कोणते, एवढी वर्गवारी झाली की काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. ही वर्गवारी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि हस्तलिखितांच्या अभ्यासात तिच्यावर विसंबल्याने काही ठिकाणी चुकीचे निष्कर्षही निघतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रथेचा उगम बराच जुना आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमारास शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्याच्या दहा वर्गांत एक लेखनवर्गही आहे. या उपक्रमाचे राजकीय व सांस्कृतिक मोल मोठे आहे, हे सर्वमान्यच आहे. परंतु त्याचा परिणाम कोठे झाला आणि कोठे झाला नाही, हे पाहण्यासारखे आहे. पदांची नावे पालटली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. लिहिण्याच्या बैठकीवरचे शब्द मात्र हलले नाहीत. कागद, शाई, दऊत, दस्ता, रुमाल, दफ्तर हे शब्द पेशवाईअखेरपर्यंत आणि त्यानंतरही मराठीत नांदत राहिले. फडणीस, चिटणीस व दफ्तरदार ही पदनामेही त्यांच्याबरोबर राहिली. कारण उघड आहे. पदाचे नाव आज्ञेने एका दिवसात बदलता येते. हत्याराचे नाव शेकडो कारकुनांच्या हातात असते, आणि हाताची सवय आज्ञेने पालटत नाही.

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७) बोलीतील व धंद्यातील शब्दांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर स्थान दिले. विसाव्या शतकात दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, माधवराव पटवर्धनांचा ‘फारशी-मराठी कोश’ १९२५ मध्ये आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही साधने आपल्या अभ्यासाचा पाया आहेत. तथापि अकारविल्हे लावलेल्या कोशात ‘खळ’ एका खंडात, ‘घोटणे’ दुसऱ्या खंडात आणि ‘बासन’ तिसऱ्याच खंडात जाऊन बसते. एकाच कारखान्यात वा एकाच घरात परस्परांच्या शेजारी वावरणारे हे शब्द कोशात विखुरले जातात, आणि त्यांच्यातील नाते दिसेनासे होते. शब्दाचे मूळ कळते. त्याची संगत कळत नाही.

केवळ मुळाकडे पाहिल्याने काय होते, याचे एक बोलके उदाहरण घेऊ. ‘पुस्तक’ हा शब्द आपण निःशंकपणे संस्कृत मानतो. पण कातडे या अर्थाच्या ‘पोस्त’ या इराणी शब्दाशी भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध जोडतात. ‘पोथी’ ही त्याच्याच लघुरूपाची, ‘पुस्तिका’ची, प्राकृत लेक. ‘दफ्तर’ फारसीतून आले. परंतु त्याच्या मुळाशी ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे पुन्हा कातडेच, आहे. पुस्तकाच्या बांधणीस ‘जिल्द’ म्हणतात, आणि अरबीत जिल्द म्हणजे त्वचा. तेव्हा तीन भाषांतून, तीन मार्गांनी मराठीत आलेले हे तीनही शब्द मुळात चामड्याचे ठरतात. आता महाराष्ट्राकडे पाहावे. येथे चर्मपत्रावर लिहिण्याची रूढी नव्हती, आणि सोवळ्यात वाचावयाच्या पोथीस कातड्याचा स्पर्श निषिद्ध होता. म्हणजे व्युत्पत्तीच्या वाटेने गेल्यास मराठी ग्रंथाच्या अशा एका रूपाकडे आपण जातो, जे मराठी प्रदेशात रूढ नव्हतेच. याउलट ‘ग्रंथ’ आणि ‘सूत्र’ हे शब्द अधिक विश्वासार्ह आहेत. एकात गाठ मारण्याची क्रिया आहे, दुसऱ्यात दोरा आहे. ताडपत्रास भोक पाडून त्यातून दोरी ओवीत, ही गोष्ट त्या शब्दांत टिकून आहे. कागद आल्यावर भोकाची गरज उरली नाही, तरी कित्येक कागदी पोथ्यांत पानाच्या मध्यभागी जागा कोरी सोडलेली अथवा तेथे तांबडे वर्तुळ काढलेले आढळते. वस्तू गेली तरी हात जुन्या वळणाने चालत राहिला.

मग मराठी ग्रंथ कशाचा? धंद्याचे शब्द एकत्र मांडले असता त्याचे उत्तर मिळते : तो कापडाचा आहे. हे विधान थोडे विस्ताराने तपासणे आवश्यक आहे.

प्रथम ‘कागद’ हाच शब्द घेऊ. तो फारसीतून आला याविषयी वाद नाही. परंतु हिंदी-उर्दूत ‘कागज’ असे जकारान्त रूप आहे, तर मराठी व कन्नडमध्ये ‘कागद’ असे दकारान्त आहे. फारसीत ‘द’ची आणि ‘ज’ची अशी दोन्ही रूपे होती, आणि त्यांपैकी ‘द’चे रूप जुने आहे. दौलताबादेजवळ कागद करणाऱ्यांची जी प्रसिद्ध वस्ती आहे, तिचे नाव मात्र ‘कागजीपुरा’. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस आणली, त्या सुमारास हे कारागीर दक्षिणेत आले अशी परंपरा सांगते. त्या वस्तीच्या नावात ‘ज’ आणि सभोवतीच्या मराठी मुलखाच्या तोंडी ‘द’, ही विसंगती लक्षात घेतली म्हणजे असे अनुमान निघते की, मराठीने हा शब्द त्या वस्तीच्या पुढील काळातील बोलीवरून उचललेला नसून तो त्याआधीच्या अथवा वेगळ्या वाटेने घेतला असावा. जुन्नर येथेही कागदाचा धंदा होता, आणि जुन्नरी व दौलताबादी ही कागदांची नावे मराठी दफ्तरांना परिचित होती. शब्द भाषेत किती मुरला याची खूण त्याच्या लाक्षणिक उपयोगात मिळते. पातळ सालीच्या लिंबास शेतकरी ‘कागदी लिंबू’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात परकेपणाचा लेशही नसतो.

हा कागद होत असे चिंध्या, जुनी गोणपाटे, तागाचे तुकडे आणि रद्दी यांपासून. माल चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचा, कुटावयाचा, वाहत्या पाण्यात धुवावयाचा. त्याचा लगदा हौदातील पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलावयाचा. ताव भिंतीस चिकटवून वाळवावयाचा. मग त्यास खळ द्यावयाची आणि फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने अथवा शिंपल्याने घोटावयाचा. खळ दिली नाही तर कागद शाई पितो आणि अक्षराच्या कडा पसरतात. यास आपण ‘शाई फुटणे’ म्हणतो. घोटला नाही तर बोरू अडखळतो. या दोन्ही क्रिया कापडाच्या धंद्यातील क्रियांच्या सख्ख्या बहिणी आहेत. तेथे सुताला खळ देतात, आणि विणलेल्या कापडावर लाकडी ठोकळ्याने कुंदी करून त्यास गुळगुळीतपणा व तकाकी आणतात. कच्चा माल चिंधी, म्हणजे जीर्ण झालेले कापडच. यास्तव कागद करणाऱ्याने आपले काही शब्द विणकराकडून घेतले असल्यास नवल नाही. कदाचित दोघांनीही ते घरातील चुलीवरच्या पेजेपासूनच घेतले असतील. कोणाचे कोणी घेतले, हे ठरविण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. शब्द एका कृतीचा आहे आणि ती कृती दोन्ही धंद्यांत होती, एवढे पुरे आहे.

खळीचा दोषही शब्दरूपाने शिल्लक आहे. पिठाची पेज किड्यांना प्रिय असते. म्हणून पोथ्यांना कसर लागते. रेशमी व लोकरी वस्त्रांना लागते तीही कसरच. कापड आणि कागद यांचे शत्रूदेखील भाषेने एकाच नावाने ओळखले आहेत.

याच ठिकाणी भिवंडीचे उदाहरण उपयोगी पडते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावाच्या हातमागाच्या धंद्यास बळ दिले, आणि विसाव्या शतकात यंत्रमागाने गावाचे रूप पालटले. ताण्यास खळ देण्याचे काम आता स्वतंत्र कारखान्यांत होते, आणि त्या कारखान्यांना ‘सायझिंग’ असे म्हणतात. हा शब्द ज्या इंग्रजी शब्दापासून आला, तोही इंग्रजीत कापड आणि कागद या दोहोंच्या खळीस लावतात. म्हणजे शब्द परका झाला तरी त्यातील जोडी तीच राहिली. येथे भाषाशुद्धीच्या दृष्टीने खेद करण्यापेक्षा निराळी गोष्ट पाहावी. घरच्या चुलीवर पेज शिजत होती तोवर ‘खळ’ हा शब्द जिवंत होता. काम यंत्राकडे जाताच शब्दही यंत्राबरोबर आलेला बसला. देशी शब्दाची हार येथे परक्या शब्दाने केली नाही, ती कामाच्या जागेत झालेल्या बदलाने केली.

आता तयार कागद कोणाच्या हाती जाई, ते पाहू. मोठ्या मानाने त्याची तीन ठिकाणे होती : मठ-पाठशाळा, दफ्तर आणि दुकान. प्रत्येक ठिकाणची शब्दसंगती वेगळी आहे.

मठातील लेखनाचे सर्वांत नेमके वर्णन समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात, लेखनक्रियानिरूपणात, केलेले आहे. अक्षर वाटोळे, मोकळे व सारखे असावे. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही. निरनिराळ्या देशांचे बोरू जमवावे. हिंगूळ व मषी यांचा संग्रह करावा. पुस्तकासाठी बासने, मेणकापड, पेट्या व कुलुपे बाळगावी, असा तो उपदेश आहे. या समासाची शब्दकळा आपल्या वर्गवारीस सरळ बसत नाही. ‘मषी’ आणि ‘कागद’ तेथे एकत्र नांदतात. एक संस्कृत व दुसरा फारसी, असा भेद त्या लेखनकर्त्याला जाणवत नाही. त्याला जाणवते ती शाईची व कागदाची जोडी. तसेच ‘टाक’ हा शब्द. आज टाक म्हटले की लोखंडी निबाची लेखणी आठवते. पण समर्थांच्या समासात टाकाच्या तोडणीचा उल्लेख आहे, आणि तेथे तो बोरूचा तासलेला टाक होय. इंग्रजी अमलात धातूचे टोक आले तेव्हा जुन्याच शब्दाने ते आपल्या पोटात घेतले. याउलट ‘कलम’ लेखणीच्या अर्थाने मागे पडले आणि कायद्याचे कलम व आंब्याचे कलम या अर्थांनी तगले.

दफ्तरातील शब्दसंगती निराळी. तेथे ताव आहे, चोवीस तावांचा दस्ता आहे, लांबट पट्टीसारखा बंद आहे, आणि बंदांचे गठ्ठे बांधावयाचा रुमाल आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असून रुमाल हेच त्यांच्या मोजदादीचे परिमाण झाले आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत निवड छापली ती याच रुमालांतून. मुळात रुमाल म्हणजे तोंड पुसण्याचे वस्त्र. मराठी कारभाराने त्याचे ग्रंथालयशास्त्रातील एकक केले. मठातील बासन व दफ्तरातील रुमाल यांची मुळे भिन्न, पण काम एकच : कागदास कापडात राखणे. ग्रंथाच्या रक्षणाचे साधन येथे पुठ्ठा नसून फडके होते. ‘बांधणी’ या शब्दाचा मूळ अर्थही असाच होता. पोथीच्या अखेरीस नकलकार तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखण्याची जी विनवणी करीत असत, तीतील बांधणी शिवणीची नव्हे. फडक्याच्या आणि दोरीच्या गाठीची आहे.

तिसरे ठिकाण दुकान, आणि त्याचा शब्द ‘वही’. व्यापाऱ्याच्या हिशेबाचे, ताव मध्ये दुमडून शिवलेले पुस्तक म्हणजे वही. मठातील पोथीची पाने सुटी असतात; वहीची पाने शिवलेली असतात. हा भेद बाह्य रूपापुरता नाही, हे तुकोबांच्या कथेवरून कळते. परंपरा सांगते की, प्रथम त्यांनी वाडवडिलांच्या सावकारीची खते इंद्रायणीत सोडली, आणि पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्या त्याच नदीत बुडविल्या गेल्या व तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या. या कथेत शब्द ‘पोथ्या’ असा नाही, ‘वह्या’ असा आहे. संताजी जगनाडे यांच्या हस्ताक्षरातील संग्रहासही परंपरा वहीच म्हणते. दुकान चालविणाऱ्या कुणब्या-वाण्याच्या घरी आणि तेल्याच्या घरी कविता ज्या वस्तूवर लिहिली जाणार, ती वस्तू दुकानातलीच असणार. अभंग कोणत्या अधिकाराने लिहिले, हा जो वाद त्या काळी झाला असे चरित्रकार सांगतात, त्याची सावली या एका शब्दावर पडलेली आहे. ज्ञान पोथीत असावे, हिशेब वहीत असावा, ही वाटणी तुकोबांनी मोडली. व्युत्पत्तिकोशात ‘वही’ पाहिली तर हे कळणार नाही. तिची संगत पाहिली तरच कळेल. कीर्तनकारांच्या व शाहिरांच्या ‘बाडा’चाही विचार याच अंगाने व्हावयास हवा.

मुद्रणकला आल्यावर ही परिभाषा पुसली गेली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची स्थापना १८६९ ची. या नव्या कलेने आपली नावे कोठून घेतली? ‘छाप’ व ‘ठसा’ हे शब्द आधीच भाषेत होते : शिक्क्याच्या कारभारात, आणि लाकडी ठशांनी कापडावर नक्षी उठविणाऱ्या छापकारांच्या धंद्यात. छापील साडी छापील पुस्तकाहून वयाने वडील आहे. अक्षरांच्या धातूच्या तुकड्यांना ‘खिळे’ म्हटले गेले, तेही सुताराच्या पेटीतून. ‘फर्मा’, ‘प्रूफ’, ‘रीम’ हे मात्र यंत्राबरोबर आले. त्यांतील ‘रीम’ची यात्रा मोठी मौजेची आहे. गठ्ठा या अर्थाचा अरबी ‘रिज्मा’ स्पेनमार्गे युरोपात गेला, तेथून इंग्रजीत आला आणि इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात उतरला. येथे येऊन त्याने वीस दस्त्यांना आपल्या पोटात घेतले. फारसी दस्ता व इंग्रजी वेषातील अरबी रीम यांचा हिशेब मराठी कागदविक्रेत्याने सहज जमविला.

पोथीनेही छापखान्यात आपले रूप सोडले नाही. आडव्या सुट्या पानांच्या छापील पोथ्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी दीर्घकाळ काढल्या. तेव्हापासून ‘पोथी’ या शब्दाचा ‘हस्तलिखित’ असा अर्थ निश्चित राहिला नाही. तो आकाराचा व वाचनविधीचा शब्द झाला. घरात पारायणास बसणाऱ्यास पोथी छापील आहे की हाती लिहिलेली, याने फरक पडत नाही. ग्रंथसूचीकारास मात्र पडतो.

येथून आपण प्रस्तुत विवेचनाच्या व्यावहारिक भागाकडे येतो. जुनी परिभाषा न समजल्याने होणारे दोष तीन प्रकारचे आहेत.

पहिला, ‘पान’ आणि ‘पृष्ठ’ यांची गल्लत. पोथीचे पान म्हणजे कागदाचा सबंध तुकडा. त्याला आकडा एकच, बाजू दोन. म्हणून ‘पाठपोट’ लिहिणे असा शब्दप्रयोग आहे. पाठ आणि पोट ही एकाच पानाची दोन अंगे. आजच्या बोलण्यात पान व पृष्ठ समानार्थी झाले आहेत, आणि त्यामुळे शंभर पानांच्या पोथीची शंभर पृष्ठे अशी नोंद सूचीत शिरते. ग्रंथाचा विस्तार त्यामुळे निम्मा होतो, आणि दोन प्रतींची तुलना करणारा अभ्यासक खंडित प्रतीची शंका घेऊ लागतो. ‘पाठ’, ‘पृष्ठ’ आणि ‘पुठ्ठा’ हे तीनही शब्द एकाच मुळाचे, पाठीच्या अर्थाचे आहेत. म्हणजे पृष्ठ ही मुळात पानाची पाठ, सबंध पान कधीच नव्हे.

दुसरा दोष ‘लेखक’ या शब्दाचा. ‘ज्ञानेश्वरी’च्या समाप्तीत शके १२१२ (सन १२९०) चा उल्लेख असून तेथे सच्चिदानंदबाबांना लेखक म्हटले आहे. तेथे त्याचा अर्थ लिहून घेणारा असा आहे, हे आपणांस ठाऊक असल्याने घोटाळा होत नाही. परंतु अप्रसिद्ध प्रतीच्या अखेरीस ‘लेखक’ म्हणून आलेले नाव कर्त्याचे समजण्याचा मोह अनेकदा होतो. पोथीच्या शेवटी शुभचिंतन लेखकाचे आणि वाचकाचे होते, ग्रंथकर्त्याचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी हा मोह आवरेल. नकलकारास लेखक म्हणणारी भाषा कर्त्यास लेखक म्हणू लागली, हा बदल छापखान्याने घडविला. कारण छापखान्याने नकलकारच नाहीसा केला आणि त्याचे नाव रिकामे पडले.

तिसरा दोष अर्थ उलटल्याचा. ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे आज एखादी योजना कायमची बाजूस सारणे. मूळ कृती मात्र जपणुकीची होती. ज्याची पुन्हा पुन्हा गरज लागणार त्यासच बासन लागे. ‘हरताळ फासणे’ यातही असेच घडले. चुकलेल्या अक्षरावर नकलकार पिवळा हरताळ लावी आणि त्यावर शुद्ध अक्षर लिही. ती दुरुस्ती होती. वाक्प्रचारात ती नासाडी झाली. बाजार बंद ठेवण्याचा ‘हरताळ’ हा शब्द मुळात वेगळा, पण उच्चार एकच असल्याने विद्यार्थी दोहोंची सांगड घालतात. हस्तलिखितात पिवळा डाग दिसला तर तेथे प्रत बिघडली असे न समजता नकलकाराने आपली चूक पाहिली असे समजावे, आणि प्रत अधिक विश्वासाने वाचावी.

यावर असा आक्षेप येणे शक्य आहे की, कृतीवर भर देताना शब्दाच्या मुळाचे महत्त्व आपण कमी करतो. हा आक्षेप काही अंशी मान्य करावा लागेल. ‘कागद’मधील दकाराचा विचार मुळाच्या अभ्यासाखेरीज झाला नसता. परंतु मूळ हे साधन आहे. त्यावरून शब्दाचे घराणे कळते, त्याची कामगिरी कळत नाही. दोन्ही हवे असेल, तर शब्दाचे सनवार उल्लेख हवेत.

आणि खरी उणीव तेथेच आहे. या बाबतीत स्कॉट भाषेचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. एडिंबरो येथे चेपमन व मायलर यांनी १५०८ मध्ये स्कॉटलंडातील पहिली पुस्तके छापली. छापखान्याचे वय तेथेही फार मोठे नाही. पण तेथील विद्वानांनी १७०० पर्यंतच्या आपल्या जुन्या भाषेचा कोश १९३१ पासून २००२ पर्यंत खपून बारा खंडांत पूर्ण केला. त्यात शब्दाचा प्रत्येक अर्थ सनवार उताऱ्यांसह दिलेला आहे. व्यापाऱ्याचा हिशेब, नगरसभेचे टिपण, धर्मगुरूचे प्रवचन आणि कवीची कविता यांना त्यात एकाच पंक्तीत बसविले आहे. म्हणून तेथे कागदाचा वा बांधणीचा एखादा शब्द कोणत्या दशकात कोणाच्या हाती होता, हे पाहता येते. राजकीय सत्ता गेलेली, इंग्रजीच्या शेजारी दबलेली ती भाषा. तिच्या अभ्यासकांनी हे केले.

मराठीत शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि यादवकालीन व त्यालगतच्या भाषेपुरती ही वाट मोकळी झाली. परंतु कागदाचा खरा प्रसार, दफ्तराची वाढ, वहीचा आणि बाडाचा उदय हे सारे त्यानंतरच्या शतकांतील आहे. त्या काळाचे साहित्य रुमालांत विपुल आहे. कवितेपुरते पाहून ते भागणार नाही. कागदाची खरेदी, शाईचे साहित्य, नकलकाराची मजुरी, पोथीची किंमत यांच्या नोंदी मोडी हिशेबांत शोधून, त्यांतील शब्द तारखेसह उतरून घेणे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. एकेकाने एकेका रुमालाचे टिपण केले तरी काही वर्षांत आधार उभा राहील.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था स्थापन झाली तेव्हा जुन्या कारागिरांच्या हातातील विद्या वाचविण्याचा प्रयत्न झाला; त्यांच्या तोंडचे शब्द उतरून घेण्याचा तेवढा आग्रह धरला गेला नाही. खिळे जुळविणारे जुळारी आता विरळ झाले आहेत. शिवणीची बांधणी करणारे हातही थोडे राहिले आहेत. भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत खळीचे, घोटण्याचे व चिंधीच्या व्यापाराचे शब्द अजून कानी पडू शकतात, आणि त्यांतील काही उर्दूत, काही तेलुगूत, काही मराठीत असतील. कोणत्या भाषेतले, हा प्रश्न टिपण करणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न असावा तो असा : हा शब्द उच्चारताना तुमचा हात काय करीत असतो? त्याचे उत्तर शब्दाशेजारी लिहिले, म्हणजे पोथीच्या कडेस सोडलेली कोरी जागा, तावावरची तकाकी आणि बासनाची गाठ यांचा अर्थ लावण्यास आपणांस खरे साधन मिळेल.